उसना ताल आणि आपली वाणी

एखादी कला दुसऱ्याकडून उसनी घेता येते काय, आणि घेतलीच तर ती आपली केव्हा होते, हा प्रश्न काही नवा नाही. परंतु अलीकडे तो आमच्यापुढे अनपेक्षित वेषात येऊन उभा राहिला आहे. रामाकोन्यातील आमच्या जुन्या घरांतून सायंकाळी जिथे हरिपाठ ऐकू येई, तिथे आता नातवंडांच्या मोबाईलवर रॅप वाजतो. ‘हे गाणे आहे की भांडण?’ असा आमचा पहिला उद्गार होता. तो मनात ठेवूनच आम्ही या विषयाचा थोडा शोध घेतला, आणि आमच्याच काही समजुती तपासाव्यात असे आम्हांस वाटू लागले.

या संगीताचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल या जमैकातून आलेल्या तरुणाने बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजविल्या. गाण्यातील केवळ ठेक्याचा तुकडा लांबवीत न्यावयाचा आणि त्यावर बोलावयाचे, ही रीत त्यातून वाढली. डीजे कूल हर्क या नावाने तो पुढे ओळखला गेला. महागडी वाद्ये आणि संगीतशिक्षण ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, अशा कृष्णवर्णीय व स्थलांतरित मुलांनी जुन्या तबकड्या आणि स्वतःचे शब्द एवढ्याच भांडवलावर ही कला उभी केली.

आपल्याला हे सर्व परके वाटण्याचे कारण नाही. कलगी-तुऱ्याचे सामने आपल्या पूर्वजांनी रात्र-रात्र ऐकले आहेत. डफावर थाप पडावी, एका फडाने सवाल टाकावा, दुसऱ्याने तेथल्या तेथे त्याचा जबाब रचावा. तुकनगीर आणि शाहअली यांना चंदेरीच्या दरबारी तुरा व कलगी मिळाली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ही परंपराही मराठी आणि हिंदी मुलखांच्या येण्याजाण्यातूनच फुललेली. शब्दाला ठेक्यावर धार लावणे आम्ही ब्राँक्सकडून शिकलो नाही. तरीही आजचा ताल तिथून आला आहे, आणि ते ऋण मान्य करणे हा प्रामाणिकपणाचा पहिला धडा होय.

उसनवारीचा दुसरा धडा मात्र आम्हांस ऑस्ट्रेलियाकडे पाहून उमगला. तिथल्या आरंभीच्या रॅप गायकांपुढे एक विचित्र अडचण होती. गावयाचे ते अमेरिकी उच्चारांत की स्वतःच्या? अमेरिकी ढब न घेतली तर ते हास्यास्पद वाटे. घेतली तर खोटे वाटे. हळूहळू त्यांनी आपल्या गल्लीतील उच्चारच गाण्यात आणले. ॲडलेडच्या हिलटॉप हूड्स या गटाचा ‘द कॉलिंग’ हा २००३ चा संग्रह तिथे विक्रीच्या सुवर्णमानापर्यंत पोहोचला. श्रोत्यांना आपलाच आवाज ऐकावयाचा होता, हे त्यातून दिसले. ताल उसना चालतो. वाणी उसनी चालत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपला उच्चार गवसलेल्या या गोऱ्या तरुणांच्या पायाखालची भूमी कोणाची, हा प्रश्न त्याच कलेतून पुढे आला. २६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन. ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिन तोच. मात्र तो १७८८ साली सिडनीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश वसाहत सुरू झाल्याचा दिवस आहे. तेथील आदिवासींसाठी तो शोकाचा. ब्रिग्ज आणि ट्रायल्स या दोन आदिवासी कलावंतांनी ए. बी. ओरिजिनल या नावाने २०१६ साली नेमक्या याच तारखेवर गाणे केले. त्यानंतर बेकर बॉय आला. उत्तरेकडील आर्नेम प्रदेशाचा हा तरुण इंग्रजीबरोबर योळ्ङू लोकांच्या मातृभाषेत रॅप करतो. २०१९ साली त्याला त्या देशाचा ‘यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला, आणि त्याच्या ‘गेला’ या संग्रहास २०२२ साली तिथल्या संगीतसृष्टीचा वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचा पुरस्कार लाभला. अल्पसंख्य लोकांची भाषा सभेत मागे बसविली जाते, हा अनुभव आपल्याला ठाऊक आहे. तीच भाषा तिथे रंगमंचाच्या मध्यभागी आली.

आपल्या बाजूसही हे घडू लागले आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१००आरबीएच’ या नावाने रॅप गातो. २०२३ साली दूरचित्रवाणीवरील ‘हसल’ या स्पर्धेतून त्याची वऱ्हाडी वाणी देशभर पोहोचली. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. आरे वनातील वारल्यांची व्यथा मांडताना त्यांनी तिथलेच आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेतले. दुसऱ्याचे दुःख त्याला वगळून गाणे सोपे असते, आणि त्यात टाळ्याही मिळतात. त्याला सोबत घेऊन उभे राहणे अवघड. पठ्ठे बापूरावांचे नाव आपण आदराने घेतो, ते योग्यच आहे. कुलकर्णीपण सोडून ते तमाशाच्या फडात गेले. परंतु तो फड पिढ्यान्‌पिढ्या ज्या महार-मांग कलावंतांनी जागता ठेवला, त्यांतील किती नावे आपल्याला सांगता येतील?

कोणी म्हणेल, या गाण्यांत शिवीगाळ असते, पैशाचा तोरा असतो. असतो, हे आम्ही नाकारीत नाही. तमाशाविषयीही आपल्या आजोबांनी हेच म्हटले होते, आणि त्यांचेही सर्वस्वी चुकले नव्हते. मात्र वाईट गाणी आहेत म्हणून ती कलाच वाईट ठरत नाही. आमची कसोटी वेगळी आहे: गाणारा स्वतः जगलेले सांगतो आहे की दुसऱ्याचे जगणे पांघरून फिरतो आहे?

आणि ही कसोटी आम्ही स्वतःला लावली तेव्हा संकोच वाटला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन सौंसर त्यात आले. शाळा-कचेरीत हिंदी आणि घरी मराठी, असे आपण जगत आलो. आपली मराठी उपेक्षित राहिली, हे दुःख या पानांतून आपण अनेकदा मांडले. परंतु घरातले मूल ‘मले’ म्हणाले की ‘मला म्हण’ असे दटावणारे कोण? आपणच. पुण्याची ढब आपण प्रमाण मानली आणि सौंसर भागाची बोली ओटीवरून माजघरात ढकलली. ऑस्ट्रेलियातील तरुणाने जी अमेरिकी ढब टाकून दिली, तिचीच आपली आवृत्ती आपण अभिमानाने जपत बसलो आहोत.

याहून कठीण प्रश्न पुढेच आहे. देवगड हे गोंड राजांचे राज्य. नागपूर शहराची उभारणीही त्याच घराण्यातील बख्त बुलंद शहाची. अठराव्या शतकाच्या मध्यास भोसल्यांची सत्ता आली, आणि तिच्या सोबतीने व नंतर आपली अनेक घराणी इथे रुजली. म्हणजे आपण उपेक्षितही आहोत आणि नंतर आलेलेही. मराठीला मान मिळावा असे म्हणताना आपल्या शेतांवर राबणाऱ्यांच्या गोंडीचा एक तरी शब्द आपण कधी आदराने उच्चारला काय? जो न्याय आपण हिंदीकडे मागतो, तो गोंडीला देणे हे आपले कर्तव्य ठरते. न्यायाची मागणी एकाच दिशेने करता येत नाही.

दरवर्षी २७ फेब्रुवारीस आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. भाषणे होतात, काव्यवाचन होते, आणि तरुण मुले मागच्या दाराने निघून जातात. यंदा त्यातील एक तास त्यांना द्यावा, अशी आमची सूचना आहे. त्यांनी आपल्या बोलीत, आपल्या संत्र्याच्या बागांविषयी, नागपूरला नोकरीसाठी जाणाऱ्या भावाविषयी, जे मनात असेल ते गावे. ‘मले’ ऐकू आले तर कोणी मान हलवू नये. आणि त्याच तासात परिसरातील गोंड तरुणांना सन्मानाने बोलावून त्यांचे गाणे त्यांच्याच भाषेत ऐकावे. आपल्याला कदाचित सर्व शब्द कळणार नाहीत. तेव्हा शेजारी बसलेल्यास अर्थ विचारावा. तीन शतकांच्या शेजारात तेवढे विचारणे राहूनच गेले आहे.