तीन पायांची मेंढी

काही वर्षांपूर्वीच्या नाताळातील ही गोष्ट. मी त्या वेळी ज्या धर्मग्रामात होतो, तेथील शिशुवर्गाच्या मुलांनी गव्हाणीसाठी मातीच्या मेंढ्या घडवल्या होत्या. प्रत्येक मेंढीपुढे तिच्या कर्त्याच्या नावाची चिठ्ठी होती. आदल्या संध्याकाळी मी त्या पाहावयास गेलो. काहींना कान नव्हते, काहींचा नुसता गोळा झाला होता, आणि एक तर चक्क तीन पायांची होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. मी बाईंना म्हणालो, "जरा नीटनेटक्या करून घ्या." बाईंनी बिचाऱ्यांनी रात्री जागून सर्व मेंढ्या सारख्या करून ठेवल्या.

सकाळी पाच वर्षांचा एक मुलगा गव्हाणीपुढे काहीतरी शोधीत उभा होता. मी त्याच्या नावाची चिठ्ठी वाचून दाखवली. तिच्यामागे चार पायांची सुबक मेंढी उभी होती. त्याने ती निरखून पाहिली आणि तो म्हणाला, "फादर, ही माझी नाही."

बाईंकडून मला मागाहून कळले की, त्यानेही आधी चारच पाय लावले होते. परंतु मेंढी डुगडुगत होती. तो एक पाय दाबी, तर दुसरा उचलला जाई. अखेरीस त्याने मागचे दोन्ही पाय काढले आणि मधोमध एकच लावला. मेंढी स्थिर उभी राहिली. आपल्या आजीच्या चुलीला तीनच दगड का असत, याचे उत्तर त्यात होते. तीन टेकू उंचसखल जमिनीवरही पक्के बसतात. चार टेकू जुळायला सगळे समान लागतात. त्या मुलाला हे शब्दांत सांगता आले नसते, पण त्याच्या बोटांना ते समजले होते. आणि मी त्याचा शोध चूक समजून पुसून टाकला होता.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पाठलाग करीत आहे. मुलाचे काम आपण 'सुधारतो' तेव्हा आपण त्याला मदत करतो, की त्याचे काही हिरावून घेतो?

बालशिक्षणाच्या आचार्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला होता. जर्मनीत फ्रोबेल यांनी 1837 साली लहान मुलांची शाळा काढली व 1840 साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. माळी रोपाला पाणी घालतो, पण रोप ओढून वाढवीत नाही. रोममध्ये डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी 1907 साली सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यात लाकडी दट्ट्यांची एक पेटी आहे. तिच्यात दहा दट्टे आणि त्यांच्या मापाची दहा भोके असतात. एक जरी दट्टा चुकीच्या जागी बसला, तरी शेवटी एक उरतो आणि तो उरलेल्या भोकात जात नाही. मूल स्वतःच थांबते, विचार करते, पुन्हा मांडते. चूक दाखवण्याचे काम बाईंनी नव्हे, लाकडाने केलेले असते. म्हणून त्यात अपमान नसतो.

आपल्या परिसरातले उदाहरण याहून जवळचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. महागडे साहित्य तेथे परवडणारे नव्हते. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच साहित्य केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलाचा हात ज्या वस्तूंना रोज लागतो, त्याच वस्तूंतून त्याची बुद्धी जागी होते, हा विश्वास त्यामागे होता.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस अभ्यासले. शिक्षकाविषयी लिहिताना ते वैद्याचा दाखला देतात. रोग्याला बरे करते ती त्याच्याच शरीरातील प्रकृती. वैद्य तिला साहाय्य करतो. तद्वत ज्ञान शिष्याच्या स्वतःच्या बुद्धीच्या क्रियेने घडते. गुरू तिला हातभार लावतो. परीक्षेत मी हे उत्तर बरोबर लिहिले होते. मात्र त्या संध्याकाळी मी ते विसरलो.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल. पालक म्हणून चुका दुरुस्त करणे हे आपले कर्तव्य नाही काय? जिला सकाळची लोकल गाठायची आहे, त्या आईने मुलाचे बटण लागेपर्यंत दहा मिनिटे थांबावे काय? नाही, ती बटण लावील, आणि त्यात पाप नाही. कात्री चुकीची धरलेल्या मुलाचा हात धरावाच लागतो. दुसऱ्याच्या डोळ्यात माती फेकणाऱ्याला थांबवावेच लागते. मुलाला मोकळे सोडणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे. माती भिजवून ठेवणे, मणी मोजून मांडणे, आणि मग हात मागे घेऊन पाहत राहणे, हे बाईंचे कष्टाचे काम आहे.

मग भेद कोठे आहे? मला वाटते, तो हेतूत आहे. माझा हात पुढे होतो तो मुलाच्या गरजेसाठी, की माझ्या प्रतिष्ठेसाठी? त्या मुलाला चौथ्या पायाची गरज नव्हती. ती मला होती, पाहुण्यांसमोर. शिवाय जे त्याने केले नव्हते, त्यापुढे त्याचे नाव ठेवून मी त्याच्या वतीने खोटी साक्ष दिली. आठवी आज्ञा मी कितीदा शिकवली असेल! त्या दिवशी ती मला पाच वर्षांच्या मुलाने शिकवली.

"फी भरतो, आणि मूल चिखलात खेळते, लिहिणार कधी?" अशी तक्रार आजही कानी येते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयासाठी खेळ व कृतीवर आधारित शिक्षण सांगितले आहे. पण धोरणापेक्षा घर अधिक शिकवते. मटकी भिजवणे, शेंगा सोलणे, तांदूळ एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतणे, यांत पेन्सिल धरणारी बोटे तयार होतात. थोडे तांदूळ सांडतील. ते मुलालाच वेचू द्यावेत.

शुभवर्तमानात वाळलेल्या हाताच्या माणसाची कथा आहे. प्रभूने त्याचा हात धरून ओढला नाही. हात पुढे कर, असे त्यालाच सांगितले. ज्याच्याकडे सर्व सामर्थ्य होते, त्यानेही दुसऱ्याच्या वाट्याची कृती त्याच्याकडेच ठेवली.

त्या मुलाला मी विचारले, "दुसरी मेंढी करशील का?" त्याने नकारार्थी मान हलवली आणि तो खेळायला निघून गेला. त्याची मेंढी परत आली नाही. त्यानंतर मी जेथे जेथे गेलो, तेथील गव्हाणीत मुलांच्या मेंढ्या जशाच्या तशा ठेवल्या जातात. पाहुणे कधीकधी हसतात. हसू द्यावे. चिठ्ठीवरचे नाव तरी खरे असते.