पाणी न्यायला आलेला

एका ग्रहावर पाणी आटलं. तिथला एक बाप बायकोमुलांचा निरोप घेऊन पृथ्वीवर उतरला, न्यू मेक्सिकोच्या रखरखीत मुलखात. अंगानं माणसासारखा, पण डोळे मांजराचे. ते त्यानं लेन्सखाली झाकले, थॉमस जेरोम न्यूटन हे नाव घेतलं, जवळची सोन्याची अंगठी विकली आणि नदीचं पाणी प्याला.

वॉल्टर टेव्हिस यांच्या १९६३ च्या कादंबरीवरून निकोलस रोग यांनी १९७६ मध्ये केलेल्या ‘द मॅन हू फेल टू अर्थ’ या चित्रपटाची ही कथा. न्यूटन झाला होता गायक डेव्हिड बोवी. हा चित्रपट सरळ चालत नाही. मध्येच वर्षं गळून पडतात, मध्येच त्या कोरड्या ग्रहावरची बायकोमुलं दिसतात. परत जायची ओढ मनात अशीच उसळत असणार, म्हणून मला ही मांडणी फार खरी वाटते.

न्यूटनजवळ आपल्या ग्रहाची विद्या होती. तिची पेटंटं घेऊन त्यानं अफाट पैसा उभा केला. सगळा खटाटोप एका यानासाठी, घरी परतण्यासाठी.

हॉटेलात काम करणारी मेरी-लू त्याला भेटली. तो लिफ्टमध्ये कोसळला तेव्हा तिनंच त्याला उचलून खोलीत नेलं. मुलगी प्रेमळ, एकटी. तो नुसतं पाणी पितो हे पाहून तिनं त्याला जिन दिली. तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. पाण्यासाठी आलेला हळूहळू दारूत बुडाला. एकाच वेळी कितीतरी टीव्ही लावून तासन्‌तास पाहत बसू लागला. एकदा त्यानं लेन्स काढून तिला आपलं खरं रूप दाखवलं, तर ती भेदरून किंचाळली.

यान निघायच्या वेळीच त्याला पकडलं. ऐषारामी खोल्यांत कोंडून डॉक्टरांनी त्याच्या तपासण्या केल्या. दारू मात्र हवी तेवढी मिळत होती. एक्स-रे काढताना तो कळवळून विनवत राहिला. कुणी ऐकलं नाही. लेन्स डोळ्यांना कायमच्या चिकटल्या. मला हे दृश्य सहन होत नाही. पण मांजराचे ते डोळे त्याआधीच मिटू लागले होते, जिनच्या पहिल्या पेल्यापासून.

पुढे एक दिवस दार उघडंच सापडलं. तो बाहेर पडला. अडवायला कुणी आलं नाही, कारण आता त्याची भीती कुणालाच उरली नव्हती.

यानाच्या कामात त्याच्यासोबत असलेले प्राध्यापक ब्राइस त्याला शोधत आले. न्यूटननं गाण्यांची एक तबकडी काढली होती. ती आपल्याला फारशी आवडली नाही, असं ब्राइसनी सांगितलं. तो म्हणाला, ती तुमच्यासाठी नव्हतीच, बायकोसाठी आहे. कधीतरी रेडिओवर ऐकेल ती. इथल्या लोकांचा राग येतो का, असं विचारल्यावर त्यानं नाही म्हटलं. तुम्ही आमच्याकडे आला असतात, तर आम्हीही बहुधा असंच वागलो असतो, म्हणाला.