हातातलं नि हाताबाहेरचं

लहान पोराशी त्याच्याच भल्यासाठी खोटं बोलावं का? आमच्या घरात हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात रोज रात्री उभा राहायचा. नात तीन वर्षांची. झोपताना तोंडात दुधाची बाटली, कमरेला डायपर. दोन्ही सोडवायचं सूनबाईने मनावर घेतलं, आणि अख्खी वाडी सल्लागार झाली.

कोणी म्हणालं, बाटलीच्या बोंडाला कोरफडीचा गर लावा. कोणी म्हणालं, कावळ्याने नेली म्हणून सांगा. बागुलबुवा तर तयारच होता. सूनबाई म्हणाली, "आबा, खोटं सांगून बाटली सुटेल. पण उद्या मी खरं सांगेन तेव्हा ती माझं का ऐकेल?" मला ते पटलं. पोर ज्याच्या कुशीत झोपतं, त्याच्या शब्दावर भरवसा ठेवूनच झोपतं.

आमच्याकडे पूर्वी आंब्याची भेटकलमं बांधायचे. रोप हापूसच्या फांदीजवळ न्यायचं, दोघांची साल तासायची नि सुतळीने घट्ट बांधायचं. दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला, तरी फांदी एकदम तोडत नाहीत. आधी थोडा काप, काही दिवसांनी आणखी थोडा, मग तोडणी. तोवर फांदीला नव्या मुळांवर जगायची सवय होते.

बाटली तशीच सोडवली. जेवणाबरोबर दूध पेल्यातून. रात्रीच्या बाटलीत रोज थोडं कमी, शेवटी नुसतं पाणी. कारणही खरं तेच सांगितलं, की रात्रभर तोंडात दूध राहिलं की दात किडतात. दोन रात्री रडली. आजी जवळ बसून राहिली. पोराला रडू यावं, पण त्याला एकटं रडायला लावू नये.

बाटलीच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरी बाटली घरोघरी आहे, कारण आईला कामावर जायचं असतं. त्यात आईचा दोष नाही, आणि पोराचा तर मुळीच नाही.

डायपरचं मात्र वेगळं निघालं. दिवसा पोरगी शहाण्यासारखी सांगायची, रात्री अंथरूण ओलं. शेजारची एक बाई तिच्यादेखत म्हणाली, "एवढी घोडी झाली नि अजून मुततेय!" दुसऱ्या दिवशी सकाळी ओली चड्डी कणगीमागे दडवलेली सापडली. तीन वर्षांचं पोर लपवायला शिकलं होतं.

बाटली ही सवय, ती ठरवून सुटते. रात्री कोरडं राहणं ठरवून होत नाही. झोपेत लघवी कमी तयार व्हायला लागते, मूत्राशय भरलं की जाग यायला लागते, हे शरीराचं पिकणं आहे. पाच वर्षांच्या आत डॉक्टर त्याला आजार म्हणत नाहीत. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष धरत नाही, म्हणून कोणी कलमाला काठी मारत नाही.

"आमच्या वेळी वर्षाची पोरं कोरडी असायची," असं म्हातारी माणसं सांगतात. असतीलही. पण रात्री दोनदा उठून पोराला बाहेर कोण न्यायचं? आई, नाहीतर आजी. पावसात बाळुती वाळायची नाहीत, म्हणून निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून कोण सुकवायचं? त्याच. ते कोरडेपण बायकांच्या जागरणाचं होतं. सूनबाई सकाळी सातच्या एसटीने रत्नागिरीला कामावर जाते. तिला झोप नको का?

म्हणून डायपर काही महिने राहू दिला. निजायच्या आधी मोरीत नेऊन आणायचं, एवढंच. सकाळी सलग कोरडा निघायला लागला तेव्हा काढला. खाली मेणकापड घातलं. कधी ओलं झालंच, तर गोधडी बदलायची नि गप्प झोपायचं.

माणसाला जाब विचारावा तो त्याच्या हातातल्या गोष्टीचा. हाताबाहेरच्या गोष्टीची लाज त्याच्या माथी मारणं हा अन्याय आहे, मग ते माणूस तीन वर्षांचं का असेना. माझी साठी उलटली. आणखी पंधरा-वीस वर्षांनी कदाचित माझ्याही अंथरुणाखाली मेणकापड घालावं लागेल. तेव्हा घरातली माणसं माझ्याशी कशी बोलतील, हे आज ती पोराशी कशी बोलतात त्यावरच ठरतंय.