शस्त्राचा सहवास

शस्त्र जवळ आहे म्हणून माणूस हिंसेकडे वळतो, की हिंसेकडे वळलेला माणूस शस्त्र जवळ करतो? या प्रश्नाचे उत्तर कतारमध्ये सरळ मिळत नाही. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या २०१७ च्या अंदाजानुसार तिथे १०० रहिवाशांमागे १६-१७ बंदुका खासगी हातांत आहेत, भारतात सुमारे ५. खुनांचे प्रमाण मात्र उलट आहे: कतारमध्ये लाखामागे एकाहूनही कमी, भारतात तीनच्या आसपास.

यावरून बंदूक निरुपद्रवी ठरवणे घाईचे होईल. कतारच्या रहिवाशांत सुमारे नऊदशांश परदेशी आहेत, भारतीय त्यांत सर्वाधिक. बंदुका प्रामुख्याने नागरिकांच्या घरांत असाव्यात, मजुरांच्या खोल्यांत नसाव्यात. म्हणजे सरासरीचा आकडा दोन वेगळ्या समाजांना एकाच मापात घालतो. शिवाय सुबत्ता, कडक पोलीस बंदोबस्त आणि परदेशी माणसाला देशाबाहेर पाठवले जाण्याची धास्ती यांचाही खुनांच्या आकड्यावर परिणाम होत असणार. अमेरिकेतले संशोधन वेगळीच दिशा दाखवते. आर्थर केलरमन व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची शक्यता २.७ पट आढळली. त्यावर आक्षेप असा, की ज्यांना आधीच धोका वाटतो तेच बंदूक आणतात. हा आक्षेप वजनदार आहे, पण त्याने प्रश्न मिटत नाही.

कारण शस्त्राचा परिणाम मनावर होतो का, हा त्यातला खरा गाभा. १९६७ मध्ये लिओनार्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लपाज यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या तरुणांवर प्रयोग केला. आधी चिडवलेल्या तरुणांना, चिडवणाऱ्याला विजेचे झटके देण्याची मुभा होती. टेबलावर बंदूक आणि रिव्हॉल्व्हर असताना त्यांनी जास्त झटके दिले. बॅडमिंटनचे साहित्य ठेवले असताना कमी. पुढच्या प्रयोगांत हा निष्कर्ष कधी टिकला, कधी नाही.

शस्त्र मन बदलते, ही शंका वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात सीतेने बोलून दाखवली आहे. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने राक्षसवधाचे वचन दिल्यावर ती त्याला एका तपस्व्याची कथा सांगते. योद्ध्याच्या वेषातला इंद्र त्याच्याकडे तलवार ठेव म्हणून देतो. ठेव सांभाळायची, म्हणून तपस्वी फळे-मुळे आणायला जातानाही ती बरोबर नेतो. दिवसेंदिवस तलवारीच्या सहवासाने त्याची बुद्धी क्रूर होते, तप सुटते आणि शेवटी त्याची अधोगती होते. तपस्वी मुळात हिंसक नव्हता, त्याचा हेतू प्रामाणिक होता, हे या कथेचे मर्म. केलरमनवरच्या आक्षेपाला तिथे जागाच उरत नाही. राम उत्तर देतो, की क्षत्रिय धनुष्य धरतो ते पीडितांचा आक्रोश कानी पडू नये म्हणून. सीतेची कथा खरी मानली, तरी रामाचे उत्तरही खोटे ठरत नाही. शस्त्राच्या बाजूने त्याहून भक्कम युक्तिवाद आजही कोणी केलेला नाही.

कतारमध्ये इस्लामी कायद्याच्या हंबली परंपरेचा प्रभाव आहे, आणि इस्लामी धर्मशास्त्रातही हाच वाद वेगळ्या रूपात दिसतो. उपसलेली तलवार दुसऱ्याच्या हाती देऊ नये, बाजारातून किंवा मशिदीतून बाण नेताना त्यांची टोके धरावीत, भावावर गमतीनेही शस्त्र रोखू नये, अशा आज्ञा हदीसमध्ये आहेत. त्यांत शस्त्र बाळगण्याला बंदी नाही. मात्र मनात वैर नसतानाही हात घसरू शकतो, हे गृहीत धरलेले आहे. याच धाग्यावर ‘सद्द अल-झराई’ हे तत्त्व उभे आहे: जी वाट अनर्थाकडे नेते ती अगोदर बंद करणे. दमास्कसचे हंबली पंडित इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी त्याचा विस्तार केला. अंतर्गत यादवीच्या काळात शस्त्रविक्री निषिद्ध, हे त्याचे ठळक उदाहरण. शाफी पंथाचा कल वेगळा: व्यवहार बाह्यतः शुद्ध असेल तर विकत घेणाऱ्याच्या मनातल्या हेतूवरून तो रद्द धरू नये. वस्तू निर्दोष की सदोष, हाच वाद इथे कराराच्या भाषेत मांडला गेला आहे.

कतारच्या राज्यव्यवहारात वाट अगोदर बंद करण्याची बाजू प्रबळ दिसते. ३ नोव्हेंबर १९१६ च्या करारात कतारचे शासक शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांनी शस्त्रांची आयात आणि विक्री बंद करण्याचे ब्रिटिशांना मान्य केले, स्वतःच्या व आश्रितांच्या गरजेपुरती सवलत ठेवून. त्यामागे ब्रिटिशांचा स्वार्थ होता, हे खरेच. आज बंदुकीसाठी गृहमंत्रालयाचा परवाना लागतो. दोह्यातल्या ‘कतारा’ या सांस्कृतिक संकुलातल्या ‘सुहैल’ या शिकार आणि ससाण्यांच्या प्रदर्शनात घेतलेल्या बंदुकीलाही. १८ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनी अर्दा नृत्यात तलवारी उंचावल्या जातात, जसे महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्र पूजेच्या पाटावर येते. दोन्हीकडे शस्त्र सर्वांसमक्ष, नेमल्या दिवशी आणि ठरल्या रीतीने बाहेर निघते. तपस्व्याची तलवार मात्र रानात, एकांतात, रोज त्याच्याजवळ होती.