संशय आणि चिंता

चिता आणि चिंता यांत एका टिंबाचे अंतर आहे, हे कीर्तनात सांगितले की मंडळी माना डोलावतात. सांगावयास सोपे, ऐकावयास गोड. पण चिंतेत पडलेल्या माणसाने पुढे काय करावे, हे त्या टिंबाने कळत नाही. ‘सोडून दे’ म्हणावे, तर काही चिंता अशा असतात की त्या सोडल्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो. ‘धरून ठेव’ म्हणावे, तर नुसते धरून ठेवल्याने तो जीव वाचतो असेही नाही. आर्णीच्या एका गाडीवाल्याने आम्हांस हा पेच घातला, आणि तो वाचकांपुढे ठेवण्याजोगा वाटला.

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातले अरुणावतीच्या काठचे गाव. नागपूर-तुळजापूर महामार्ग येथून जातो. पण महामार्ग सोडून आत वळले की सगळा कपाशीचा मुलूख आणि काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा रस्ता बिचारा एकसारखा राहणार कसा? पुलाचे दगड जागचे हलत नाहीत, त्याच्या दोहो बाजूंचा भराव मात्र खचतो, आणि सांध्यावर चार बोटांची पायरी पडते. अंधारात ती दिसत नाही.

हा गृहस्थ मालवाहू पिकअप चालवतो. गाडी कर्जावर घेतलेली. हंगामात सकाळी वेचणीच्या बाया वावरात पोचवायच्या, संध्याकाळी कापूस भरून बाजाराकडे न्यायचा. (मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि बायांनाही, वावर लांब, दुसरे साधन नाही, म्हणून चालले आहे.) एके रात्री कागदावर लिहिलेल्या भारापेक्षा पुष्कळ जास्त कापूस दाबून भरलेला, आणि गाडी त्या पायरीवर आदळली. तो सांगत होता, “महाराज, मांगून ‘कट्ट’ असा आवाज आला जी. गाडी चालते, पन मनाले नाई पटत. रातभर तोच आवाज कानात येते. पाटा तं तुटला नसन?” आम्ही विचारले, मिस्त्रीला दाखवलीस का? “नाई जी. रोज म्हनतो, उद्या दाखवू.” याला पंधरा दिवस झाले होते.

आता हा पाटा म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. बैलबंडीला कमान नसते. धक्का थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. मोटारीच्या मागल्या चाकांवर मात्र पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीवर एक रचून कमान केलेली असते. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्याच दोन टोकांनी गाडीचा सांगाडा धरलेला असतो, आणि यू-बोल्टांनी आस त्या कमानीला बांधलेला असतो. म्हणजे पाटे नुसते धक्का सोसत नाहीत, आसाला जागेवर धरून ठेवण्याचे कामही त्यांचेच. खालचा एखादा पाटा गेला तर गाडी एका अंगाला झुकते. मेन पाटा गेला तर आसच सरकतो, गाडी तिरकी ओढू लागते, आणि वळणावर काय होईल ते सांगता येत नाही.

आणि हे तुटणे एकदम होते असे नाही. 8 मे 1842 रोजी फ्रान्सात व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकावर एक चढले, आग लागली, डब्यांना बाहेरून कुलपे, पन्नासाहून अधिक माणसे जळून मेली. पुढे रँकिन नावाच्या तरुण स्कॉटिश इंजिनिअराने असे मोडलेले आस तपासले, तेव्हा दिसले की चीर कडेला सुरू होते आणि फेऱ्याफेऱ्याला आत सरकत जाते. उरलेले लोखंड भार पेलीनासे झाले म्हणजे मग एका क्षणात सगळे जाते. याला हल्ली धातूचा थकवा म्हणतात. पाट्याचेही तसेच आहे. ‘पंधरा दिवस चालली, म्हणजे काही झाले नाही’ हे अनुमान म्हणून खोटे आहे. न्यायाच्या भाषेत हा हेत्वाभास झाला. कारण चीर पडलेली गाडीदेखील पंधरा दिवस चालते.

लहानपणी पाठशाळेत आम्ही न्यायाचे सोळा पदार्थ घोकले. त्यांत तिसरा संशय आणि नववा निर्णय. गीतेत संशयात्म्याचा नाश सांगितला आहे, तो आपल्या कानांवर इतका बसला आहे की संशय म्हटला म्हणजे पापच असे आपण धरून चालतो. गौतमाच्या शास्त्रात मात्र संशयाला मानाचे पान आहे. वात्स्यायन भाष्यात म्हणतो की जी वस्तू मुळीच ठाऊक नाही तिच्याविषयी न्याय प्रवृत्त होत नाही, जिचा निर्णय झाला तिच्याविषयीही नाही. जेथे संशय आहे तेथेच तो कामास येतो. नैय्यायिकांचे ठरलेले उदाहरण आहे: तिन्हीसांजेला दूर काही उभे दिसते, खोड की माणूस? मग संशय आलेला मनुष्य काय करतो? चार पावले पुढे जातो. हातपाय दिसले तर माणूस, ढोली दिसली तर खोड.

आमचा गाडीवाला जागचा हललाच नाही. रात्रभर खोडाकडे पाहत बसला. संशयाला पाय असतात, तो निर्णयाकडे चालतो. चिंता एका जागी बसून स्वतःलाच खाते. यांतही एक खोच आहे. त्याला पाहता येत नव्हते असे नाही. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करायची, दोन्ही बाजूंचे अंतर चाकाच्या मध्यापासून वर वितीने मोजायचे, पाट्यांवरचा चिखल धुवायचा, यू-बोल्टांवर पाना लावून पाहायचा. नवी मोड चकाकते, जुन्या चिरेत गंजाची रेघ दिसते. घटकाभराचे काम. राहिले ते मिस्त्री सांगेल. मग का केले नाही? त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “मिस्त्री म्हनला पाटा गेला, तं गाडी उभी करा लागन.” गाडी उभी म्हणजे हंगामातले दोन दिवस बुडाले, हप्ता तटला. म्हणजे त्याला कळून घ्यायचे नव्हते. आणि कळून न घेण्याची टोचणी लागू नये म्हणून तो जागत होता. रोज रात्री थोडी झोप देऊन तो आपले देणे फेडल्यासारखे करीत होता.

आम्ही त्याला हसत नाही. गरिबाची गाडी आहे, आणि गरिबाला खरे कळणे महाग पडते. श्रीमंताचा संशय दुपारपर्यंत गॅरेजात पोचतो. पण पाठीमागे बसणाऱ्या बायांना त्या जाग्रणाचा काय उपयोग? पाट्याला ते कळत नाही.

तिथे बसलेले एक वृद्ध वारकरी म्हणाले, “पांडुरंग पाहून घेईल, टाक त्याच्यावर भार.” भावना थोर, पण ज्या भाराखाली पाटा वाकला तो क्विंटलांतला भार होता, तो देवावर कसा टाकणार? गोरोबाकाकांची गोष्ट सांगून कोणी निष्काळजीपणाला आधार शोधू नये. काका नामात बुडाले होते, हा हप्त्यात. मोटार वाहनांचा 1988 चा कायदा आहे, त्याच्या 190 व्या कलमात धोक्याचा दोष असलेली गाडी चालवणाऱ्याला धरले आहे. ज्याला दोष ठाऊक होता तो तर आलाच, पण साधारण काळजी घेतली असती तर ज्याला तो सापडला असता, तोही त्यात आहे. धर्मशास्त्रात अजाणता घडलेल्या पातकाला हलके प्रायश्चित्त आहे. पण जाणून घ्यायचे टाळले, तर ते अजाणतेपण कोणते? आम्हांस वाटते, येथे कायदा धर्माच्या फार जवळ आला आहे.

मात्र साधारण काळजी घेतल्यावर थांबलेही पाहिजे. काही माणसे गाडी तीन मिस्त्र्यांना दाखवतात, तिघेही ठीक म्हणतात, तरी यांच्या कानातला आवाज जात नाही. पाहण्यासारखे सर्व पाहून झाल्यावर पोलादाच्या पोटात जे काही दडले असेल, ते खुशाल विठ्ठलावर सोडावे. ते टाकण्याची जागा तीच आहे.

एक गोष्ट राहिली. त्या गाडीवाल्याने आपली चिंता आम्हांला सांगितली, बायकोला सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली. ज्या रोज सकाळी डबा बांधून त्या पाट्यांवर बसतात त्यांना सांगितली नव्हती. आम्ही म्हटले, आधी त्यांना सांग. तो म्हणाला, “मंग त्या बसनार नाईत ना जी.” नसतील बसत. दुसरी गाडी पाहतील, पायी जातील, नाहीतर बसतील आणि म्हणतील, हळू चालव रे बाप्पा, आणि आजच्या आज दाखवून घे. हाडे त्यांची आहेत. बसायचे की नाही ते त्यांनाच ठरवू दिले पाहिजे.