नकाशा पुढे नव्हता

जूनअखेरीस स्पितीला जायचंय. पुणे ते काझा, चौघं जण, आपापल्या बाईकवर. तयारीच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी झाल्यात. एक उरलीय, ती गेले तीन आठवडे हलत नाहीये : जीपीएस कुठला घ्यायचा?

पर्याय तीन. एक, आहे तोच फोन हँडलला लावायचा. दोन, मोटरसायकलसाठी बनवलेलं वेगळं यंत्र घ्यायचं, गार्मिनच्या झूमोसारखं. तीन, पुढचं वळण दाखवणारी छोटी गोल तबकडी. रॉयल एनफिल्डनं २०२० मध्ये मीटिऑरवर दिलेली ट्रिपर याच जातीची. तिचा मेंदू मात्र खिशातल्या फोनमध्येच असतो.

फोन फुकटात पडतो, म्हणून आधी त्याचाच विचार केला. पण हातमोजे घातले की स्क्रीन ऐकत नाही. पाऊस पडला की थेंबच बटणं दाबायला लागतात. कडक उन्हात फोन तापून बंद पडतो. शिवाय २०२१ मध्ये ॲपलनंच सांगितलंय की, मोठ्या इंजिनांची कंपनं हँडलवरून फोनपर्यंत पोचत राहिली, तर कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. वेगळं यंत्र हे सगळं सोसतं, पण त्याच्या किमतीत नवे टायर आणि आठवडाभराचं पेट्रोल येईल.

इथवर हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि हिशेब मला जमतो. तरी तीन आठवडे अडलोय, कारण मला दोन वर्षांपूर्वीची वरंधा घाटातली दुपार आठवते.

जुलै होता. भोरहून महाडला उतरायचं होतं. मी लीडला, मागे तिघं. हँडलवरच्या फोनमध्ये रस्ता सलग निळा दिसत होता. घाटाच्या अलीकडे टपरीवर चहा घेतला, तेव्हा टपरीवाले काका आपणहून म्हणाले, “पुढं दरड आलीया रातीच्याला. मागं फिरा, ताम्हिणीनं जावा.” मी फोन बघितला आणि म्हणालो, “काका, रस्ता चालू दाखवतोय.” त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ग्लास विसळायला घेतले.

चौथ्या किलोमीटरला लाल चिखल होता. मी कसाबसा पार झालो. माझ्या मागचा मित्र आडवा झाला आणि त्याचं मनगट मोडलं. दवाखान्यात मी त्याला म्हणालो, “अरे, नकाशानं दाखवलं ना!” तो म्हणाला, “माझ्या पुढे नकाशा नव्हता. तू होतास.”

त्यानंतर मी जीपीएस नक्की काय सांगतो, हे जरा नीट समजून घेतलं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा कळवत असतात. आपलं यंत्र त्यातल्या किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतं, ते पोचायला किती वेळ लागला हे मोजतं आणि त्यावरून आपली जागा काढतं. उपग्रहाला आपण असल्याचा पत्ताही नसतो. मोबाइलची रेंजही लागत नाही. कुंझुम खिंडीत, साडेचार हजार मीटरच्या आसपास, चिटपाखरू नसतानाही हे गणित तितकंच चालतं.

म्हणजे ‘तू इथे आहेस’ हे विधान मोजमापातून येतं. ‘आता डावीकडे वळ’ हे विधान मात्र वेगळ्या कुळातलं आहे. तो सल्ला आहे. सल्ला म्हटला की त्यामागे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं की चांगला रस्ता म्हणजे कुठला. बहुतेक ॲप्सनी ठरवलंय की चांगला म्हणजे लवकर पोचवणारा. मोटरसायकलींच्या काही यंत्रांत वळणावळणाचा रस्ता निवडता येतो, तीही कुणाचीतरी आवडच. गोची अशी की दोन्ही विधानं एकाच स्क्रीनवर, एकाच आवाजात येतात. पहिल्याचा अचूकपणा दुसऱ्याला आयता मिळतो. ठिपका बरोबर जागी दिसला की रेघही बरोबरच असणार, असं आपण धरून चालतो. मी तेच केलं होतं.

याची किंमत मनगटापेक्षा खूप मोठी असू शकते. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात रात्री पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि धरणाच्या पाण्यात बुडाली. चालक गेला. फोनमधल्या नकाशावर भिस्त ठेवून ते चालले होते, अशा बातम्या तेव्हा आल्या. तो पूल पाण्याखाली असतो, हे आसपासच्या गावांत ठाऊक होतं. पण अनोळखी माणसाला अपरात्री ते सांगणार कोण?

मग सरळ उत्तर असं वाटतं की यंत्र नकोच, माणसांना विचारत जावं. मीही काही दिवस हेच बोलत होतो. आमच्यातली एकटीनं लांब फिरणारी मैत्रीण मला म्हणाली, “तुला थांबून वाट विचारण्यात मजा वाटते, कारण तुला थांबायची भीती वाटत नाही. रात्री आठनंतर अनोळखी फाट्यावर हेल्मेट काढून मी कुणाला विचारू? माझ्यासाठी ते यंत्र म्हणजे सोबत आहे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. शिवाय माणसंही चुकतात. ‘हे काय, इथंच आहे’ म्हणून सांगितलेलं गाव बारा किलोमीटरवर निघालेलं आपण सगळ्यांनी भोगलंय.

त्यामुळे माणूस खरा की यंत्र खरं, हा वाद मी सोडून दिला. मला अडवणारा प्रश्न दुसराच होता : सल्ला कुणाचाही असो, तो मानल्यावर जे होईल ते कुणाचं? टपरीवाल्या काकांना मी विचारू शकलो असतो, “तुम्ही स्वतः पाहिलीत का दरड? बाईक जाईल का?” मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर निर्णय मला घ्यावा लागला असता. फोनचं ऐकलं की निर्णय घेतल्यासारखं वाटतच नाही, आणि काही बिघडलं तर बोट दाखवायला जागा राहते. त्या दुपारी मला फोनमधून रस्त्याइतकीच ही सवलतही मिळत होती. मागे तिघं जण माझ्या भरवशावर येत असताना ती घ्यायचा मला हक्क नव्हता.

अखेर मी वेगळं यंत्र घ्यायचं ठरवलं, सेकंडहँड. कारण साधं आहे : त्यात रस्ता मी स्वतः आखून भरू शकतो आणि चुकलं तरी आपोआप नवा रस्ता काढणं बंद ठेवू शकतो. आदल्या रात्री चौघं बसून रेघ आखणार. यंत्रानं फक्त आम्ही कुठे आहोत ते सांगायचं. आणि प्रत्येक घाटाच्या, खिंडीच्या अलीकडे उजेडात थांबून, वरून आलेल्या ट्रकवाल्याला रस्ता विचारायचा. तो काय म्हणतो ते चौघांनी ऐकायचं.

परवा मित्राला हे सगळं सांगितलं. पावसाळ्यात त्याचं मनगट अजून दुखतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “लीडला कोण?”

मी म्हणालो, “तू सांग.”

“तूच जा,” तो म्हणाला. “पण टपरी दिसली की थांब.”