जाळे उतरल्यानंतर

पारध्याच्या जाळ्यात सापडलेली कबुतरे एकदम पंख मारतात आणि जाळ्यासकट उडून जातात, ही गोष्ट आपल्यापैकी कोणी ऐकलेली नाही? मराठी शाळेत ती पंचतंत्रातली म्हणून येते, उर्दू शाळेत इत्तेहादची म्हणून. लांज्यात उर्दू माध्यमाच्या वर्गाला मी ती कित्येक वर्षे सांगत आलो. फळ्यावर जाळे काढायचे, मुलांकडून 'एकीचे बळ' म्हणवून घ्यायचे, तास संपला.

आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाने पहलवीवरून अरबीत आणलेल्या 'कलीला व दिम्ना'त मात्र गोष्ट इथे संपत नाही. जाळे खाली उतरते. उंदीर येतो आणि आपल्या मैत्रिणीचे, म्हणजे कंठवाल्या कबुतरीचे, पाश आधी कुरतडू लागतो. ती त्याला थांबवते. आधी बाकीच्यांचे तोड, कारण माझ्यापासून सुरुवात केलीस आणि थकलास तर ती तशीच राहतील. मी शेवटी राहिले तर थकलास तरी तू मला सोडणार नाहीस. मी वर्गात सांगत असलेल्या गोष्टीत हा भाग नव्हता. उड्डाण झाले की आम्ही टाळ्या वाजवून मोकळे.

मुलांची चित्रपुस्तकेही बहुधा उड्डाणापाशीच थांबतात. लिओ लिओनीचे 'स्विमी' हे 1963 सालचे पुस्तक मला फार आवडते. लाल माशांच्या थव्यात एकटाच काळा मासा. मोठा मासा बाकीच्यांना गिळतो, हा वाचतो, समुद्रभर भटकतो आणि पुढे दुसऱ्या लाल माशांना एका प्रचंड माशाच्या आकारात पोहायला शिकवतो. स्वतः होतो त्या माशाचा डोळा. वेगळेपण आणि एकी, दोन्ही एकाच चित्रात. (आमच्या एका मुलाने पुस्तक उर्दूच्या सवयीने उजवीकडून उघडले आणि शेवटचे चित्र आधी पाहून टाकले. मग गोष्टीत काय राहिले?) पण दुसऱ्या दिवशी त्या थव्यात काय झाले? काळ्या माशाला रोज डोळाच व्हावे लागले का? शेपटीतल्या माशाला कोणी विचारले का?

हे प्रश्न मला पुस्तकाने नाही, एका मुलीने शिकवले. पाचवीच्या पाच मुलांच्या गटाने एका प्रदर्शनासाठी कबुतरांचेच चित्रपुस्तक केले. जाळे, झाड, प्रत्येक पंख त्या मुलीने काढला. इतरांनी रंग भरले, एकाने मजकूर लिहिला. बोलायला धीट असा एक मुलगा गटप्रमुख होता. मुखपृष्ठावर त्याचे नाव आले, प्रशस्तिपत्र त्याला मिळाले. हे मीच ठरवले होते. तिला मी म्हणालो, "बेटा, सबका काम है ना?" ती म्हणाली, "जी सर." पुढच्या वेळी तिने पेन्सिल हातात घेतली नाही. दुसऱ्याने आखलेल्या रेघांत मुकाट्याने रंग भरत बसली.

मी तिच्यापुढे कबुतरीचा आदर्श ठेवला होता, असे मला तेव्हा वाटत होते. पण कबुतरीचा हक उंदराने आधी मान्य केला होता. तो तिचेच पाश तोडू लागला होता. म्हणून 'आधी त्यांचे' या तिच्या बोलण्याला किंमत आहे. जो हक कोणी दिलाच नाही, त्याचा त्याग कसा करणार? आपल्या घरांत आणि शाळांत स्वतःचे नाव पुढे करणे अदबीविरुद्ध मानतात. ते बरेही आहे. पण ही अदब नेहमी गप्प बसणाऱ्याकडूनच का वसूल होते?

अनेकांनी मिळून सचित्र पुस्तक करणे आपल्याकडे नवे नाही. अकबराच्या तस्वीरखान्यात एकेका चित्रावर दोघे-तिघे काम करत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अकबरनाम्याचे 1590 च्या दशकातले हस्तलिखित आहे. त्यात 116 चित्रे आहेत. चित्रांखाली तांबड्या शाईत नोंद आहे: 'तरह', म्हणजे रचना, कोणाची आणि 'अमल', म्हणजे रंगकाम, कोणाचे. कुठे चेहरे तिसऱ्याने काढले असतील तर त्याचेही नाव. बसावनसारख्या उस्तादाच्या रचनेखाली रंग भरणाऱ्याचेही नाव आहे. पुस्तक बादशहाचे, गौरव बादशहाचा, तरी कारकुनाने एवढी तसदी घेतली. आज प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर उर्दू-मराठी चित्रपुस्तके मोफत मिळतात. त्यांच्या शेवटीही लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावे असतात. ते पान मुले उलटतात. मीही उलटत असे.

एक सहकारी म्हणाले, "नावे लिहायला लागलात की इत्तेहाद संपला. मुले आपला-आपला वाटा मोजत बसतील." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. यंदा गटांनी केलेल्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर मी 'तरह' आणि 'अमल' असे दोन रकाने करायला सांगितले. आभाळ कोणी रंगवले यावर एका गटात असे भांडण जुंपले की गणिताचा अख्खा तास त्यात गेला. शेवटी तिघांची नावे आभाळापुढे लिहिली. चौथ्याने फक्त रंगाचे पाणी बदलून आणले होते. त्याचे नाव लिहायचे की नाही, यावर आमचे अजून ठरलेले नाही.

कबुतरांचे ते जुने पुस्तक वर्गाच्या कपाटात आहे. त्यावर अजून एकच नाव आहे. ती मुलगी आता हायस्कूलला जाते. बाजारात दिसली की थांबून सलाम करते.